बिनहळदीचं वरण

दुपारी शिलाई मशीनवर बसले की शेजारचं अंगण माझ्या उजव्या हाताला येतं. त्या अंगणाकडे मी सरळ बघत नाही. मान खाली, नजर सुईवर, आणि डोळ्याच्या कडेला ते अंगण. कडेला कधी कधी पांढरं काहीतरी हलतं. कापड असेल म्हणावं तर तारेवर कापड नाही, आणि माणूस म्हणावं तर घराला कुलूप. मान वळवली की ते जातं, म्हणून मी मान वळवत नाही. हळू हळू पाय मारत शिवण पुढे सरकवते. हे असं बघणं मला त्या अंगणाच्या मालकिणीनंच शिकवलं. टेंभरे मॅडमनी.

मॅडम गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या तशा आमच्या गावी, कामठ्याला, बापाच्या घरी येऊन राहिल्या. एकट्या. लग्न केलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, ब्लाउज शिवणारी. वाचायची गोडी आपली आपण लागलेली, चिवड्याच्या पुडीचा कागदही मी उलगडून वाचते. आमचं जमावं असं काही नव्हतं. जमलं ते एका चादरीवरून. एका सकाळी पांढरं कापड काखेत मारून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"दोन पन्हे जोडून दे, शेवंता. पण शिवण मधोमध नको. एका कडेला घे."

"चादरीची शिवण कोण पाहते मॅडम? झोपलं की दिसते का?"

"यावर झोपायचं नाही. यावर सूर्य येणार आहे."

मनात म्हटलं, शिकलेलं माणूस एकटं राहिलं की असंच होतं. पण शिवण कडेला घेतली, आणि पैसे घेताना लक्षात आलं की बाई माझ्याशी बोलते आहे आणि बघते आहे माझ्या खांद्यावरून मागे. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

हे त्यांचं बघणं गावात फार बोललं गेलं. समोरच्या माणसाकडे त्या कधी सरळ पाहायच्याच नाहीत. सरपंचबाई एकदा शाळेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन आल्या. मॅडमनी चहा दिला, गोड बोलल्या, पण तोंड सगळा वेळ खिडकीकडे. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "मॅडम, मी इकडे बसली आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तिकडे पाहते."

सरपंचबाईंनी कप अर्धा ठेवला आणि उठल्या. गावभर झालं, गर्व आहे बाईला. गर्व कसला! माणूस त्यांना पावलांवरून कळायचं. माझ्या चपलेचा अंगठा सैल झाला होता तर मी फाटकात असतानाच आतून आवाज, "शेवंता, आधी तो अंगठा शिवून घे, पडशील कुठं तरी." ज्याला तोंड दिसत नाही त्याला चप्पल ऐकू येते. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती हसले.

दुसरी गोष्ट वरणाची. ती बातमी माझ्या सुनेनं, कवितानं आणली. "आई, मॅडमच्या घरी वरण पांढरं असते वो! हळदच नाही. डब्यातही नाही, मी पाहून आली."

झालं. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे कोणाचं तरी सुतक धरलं आहे जन्मभराचं. गावात लग्न निघालं की नवरीला हळद लागायच्या दिवशी मॅडमच्या दाराला कुलूप, हे पण बायकांनी हेरून ठेवलं होतं. माझ्या पोटात राहत नाही. मी एक दिवस विचारलंच.

"हळद काऊन नाही टाकत तुम्ही?"

"आवडत नाही."

"हळद कोणाले आवडते म्हणून टाकते का कोणी? रंगाले टाकते."

"तोच आवडत नाही," म्हणाल्या, आणि उठून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी.

त्यांच्या मागच्या कोठ्यात आता गाय नव्हती. तिथं अंधार करून, दाराच्या फटीत दुर्बीण बसवून, खाटेच्या चौकटीवर माझी ती चादर ताणलेली. दुर्बिणीत कोणी डोळा लावायचा नाही, हा नियम. उजेड दुर्बिणीतून यायचा आणि चादरीवर सूर्य पडायचा, जेवणाच्या थाळीएवढा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भीतीच वाटली. एवढा मोठा सूर्य, आणि आवाज नाही, झळ नाही, नुसता कापडावर थरथरतो आहे. त्याच्यावर तिळासारखे काळे डाग.

"सांग, डाग कुठे आहेत?"

मी सांगायची. वरच्या बाजूला दोन, मग खाली जोडीनं.

"त्यांच्या शेजारी पांढरं काही? कणीएवढं? चादरीहून पांढरं?"

"नाही मॅडम."

"बरं."

ऊन असलं की रोज हेच. माझ्या ब्लाउजांची गिऱ्हाइकं खोळंबायची, पण त्या "बरं" साठी मला जावंच लागायचं. जो माणूस दारात पाहुणा येईल म्हणून बसला आहे आणि आला नाही, त्याचं "बरं" असतं ना, ते. मी एकदा म्हटलं, "तुम्हीच पाहा ना मॅडम, मले कुठं समजते." तेव्हा त्यांनी सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं.

"मला मधलं दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा रुपया आहे, जळलेला. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे सरळ पाहीन तो नाहीसा होतो, शेवंता. म्हणून ज्याला पाहायचं असेल त्याच्याकडे मी पाहत नाही."

त्या आपल्या चादर ताणत बसल्या. डोळे कशानं गेले ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एक दिवस मी घरी पानगे लावले होते. पळसाच्या पानात तांदळाचं पीठ थापून, जमिनीवर ठेवून, वरून निखारे. मॅडम पाटावर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "हे बघ, हाच सूर्य."

"पानगा?"

"पानगाच. आपण चुलीवर रांधतो तेव्हा आग खाली, भांडं वर. सूर्यावर भडका उडतो तेव्हा उलटं. आग वर, आणि खालच्याला चटका. सूर्याच्या वर चुंबकाचे मोठाले दोर असतात, कमानीसारखे. त्यांना पीळ पडत जातो. खाटेची दोरी पिळून पिळून एक दिवस कशी तुटते, तसे ते तुटतात. आणि तुटलं की सगळा साठलेला पीळ वर फेकला जातो, आणि खालीही फटका बसतो. खाली काय असतं? आधी एक पातळ लालसर पदर. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लाल रेघ दिसते ना, तो. ते तुझं पळसाचं पान. त्याला पहिला चटका. ते उकळतं, आणि त्याची वाफ वर जाऊन त्या कमानी भरते. लोक म्हणतात, वर केवढं चमकलं! पण चमकतं ते खालून गेलेलंच असतं. मग निवलं की पावसासारखं परत खाली पडतं."

"अन् पिठाले? खालच्या जमिनीले?"

मॅडमचं तोंड चुलीकडून फिरलं. म्हणजे त्या चुलीकडे पाहू लागल्या.

"जमीन म्हणजे आपल्याला रोज दिसतो तो सूर्य. तो फार घट्ट. एवढा भडका उडूनही बहुतेकदा त्याला काही कळत नाही, आणि आपल्या कापडावरही काही दिसत नाही. पण कधी तरी, फार क्वचित, फटका पानातून, पिठातून थेट जमिनीला पोचतो. तेव्हा तो पांढरा सूर्यच पेटतो. कणीएवढा. थोडाच वेळ. तेवढं साध्या कापडावर दिसतं."

"कसा पोचते तो खालपर्यंत?"

"ते अजून मोठमोठ्यांनाही नीट कळलेलं नाही."

"मग तुम्ही कायले त्याची वाट पाहून राहिल्या?"

"पानगा करपतो आहे, बघ," मॅडम म्हणाल्या.

मग ते ग्रहण आलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना. आमच्याकडे ग्रहण लागलं का हे बघायला परातीत पाणी घेऊन मुसळ उभं करतात. ते उभं राहिलं की बायका म्हणतात, लागलं. आणि दुसऱ्या परातीत हळदीचं पाणी. आभाळाकडे बघायचं नाही, हळदीच्या पाण्यात सूर्य बघायचा. आई बघायची, आजी बघायची, आम्हीही बघतो. माझ्या अंगणात मी पितळेची परात मांडली, कवितानं हळद कालवली, गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. हसणं-खिदळणं चाललं होतं. "सरक वो, तूच पाहशील का सारं ग्रहण?"

मॅडम केव्हा आल्या कोणालाच कळलं नाही. आल्या त्या धावतच आल्या, आणि ज्या बाईनं जन्मात आवाज चढवला नाही त्या बाईनं परातीला लाथ मारली. परात भिंतीवर जाऊन आपटली. तिचा आवाज गोल गोल फिरत राहिला. पिवळं पाणी माझ्या पायांवर, बायकांच्या लुगड्यांवर.

"येड लागलं का वो मॅडम!" कविता ओरडली. "सणासुदीचं..."

"कोणी पाहिलं? किती वेळ पाहिलं?" मॅडम एकेकीचं तोंड दोन्ही हातांत धरत होत्या आणि तिच्या कानाच्या पलीकडे बघत होत्या. "बोल ना! माझ्या तोंडाच्या मधे काळं दिसतं का तुला?"

"आत्ताच तर मांडली," मी म्हटलं. "कोणीच पाहिलं नाही मॅडम. सूर्य नीट आलाही नव्हता पाण्यात."

तेव्हा त्या खाली बसल्या. त्या पिवळ्या चिखलातच. बायका एकेक करून निघून गेल्या, आणि जाताना जे बोलायचं ते बोलून गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. नवीन नवीन शिक्षिका होत्या तेव्हा. सुट्टीत शाळेची दुर्बीण घरी आणलेली. धान कापणीचे दिवस, घरचे सगळे शेतावर. घरी त्या आणि धाकटी बहीण निमा. भर दुपारी पुठ्ठ्यावर कागद लावून सूर्य पाडला होता. डागांचा घोळका होता, आणि त्याच्या अंगाला एकदम दोन कण्या पेटल्या. कागदाहून पांढऱ्या.

"मला खरंच वाटेना. शाळेची दुर्बीण, काचेला ओरखडे. वाटलं, भास असेल. दुसऱ्या रीतीनं पाहायला हवं. आणि दुसरी रीत घरात एकच होती, आजीची. म्हटलं, निमा, परात आण, हळद टाक. त्या परातीत एवढंसं बारीक काही दिसणार नाही, हे मला कळत होतं. तरी वाकून पाहत राहिले. पापणी लवू दिली नाही. हळदीनं ऊन मरतं असं लहानपणापासून ऐकलेलं. मरत नाही, शेवंता. नुसतं पिवळं होतं."

संध्याकाळी शेतावरून आई आली, तर आईच्या तोंडाच्या जागी काळा रुपया.

मी म्हटलं, "पण दिसलं तर होतं ना तुम्हाले. त्या कण्या."

"तेच तर. इतकी वर्षं तो दिवस मनात फिरवून फिरवून झिजला. आता आठवतं ते असं की परात सकाळपासूनच अंगणात भरलेली होती, आणि मी येता-जाता तिच्यात पाहत होते. मग कागदावर जे चमकलं, ते सूर्यावरचं होतं की जळायला लागलेल्या डोळ्यातलं? त्या महिन्यात सूर्य कितीदा तरी भडकला होता, हे मी पुढे कोणाकडून तरी वाचून घेतलं. पण त्या दुपारी खालपर्यंत पोचलं होतं का? दिवस कोणता, तेही मी लिहून ठेवलं नाही. ते डोळ्यातलंच असेल, तर मी डोळे कशासाठी घालवले?"

सांगू शकणारी एकटी निमा. आणि निमा तर बोलत नव्हती. वडिलांनी त्या रात्री निमाला म्हटलं होतं, बहिणीचे डोळे तू खाल्लेस. पुढे तिला बालाघाटकडे दिलं. लग्नाकार्यात भेटली की मॅडम विचारायच्या, त्या दिवशी तू काय पाहिलंस? आणि निमा पान अर्धवट टाकून उठायची.

आता बघा, गोष्टी कशा फिरतात. टेंभरे मॅडमनी ग्रहणात परात लाथाडली, ही बातमी सोयऱ्याधायऱ्यांतून बालाघाटला पोचायला कितीसा वेळ! मंडईच्या, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, बाहेर ढोल वाजत होते, पाळणे लागले होते, आणि मी मॅडमकडे करंज्या द्यायला गेले होते. दारात एक बाई उभी राहिली. तसंच नाक, तीच हनुवटी. पायातली चप्पल काढली नाही. त्या दोघी पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, मी माझ्या भाषेत लिहिते.

"परात लाथाडली म्हणे तू, ताई. येड लागलं म्हणून सांगून राहिले लोक."

मॅडमनी तोंड भिंतीकडे केलं. "आत ये. बस."

"बसायले नाही आली. काय विचारायचं ते विचारून घे एकदाचं. साऱ्या लग्नांत विचारलंस. आज कोणाचं लग्न नाही, मी उठून जाणार नाही."

मी निघायला लागले. मॅडमनी माझा पदर धरला.

"निमा, कागदावर तू काय पाहिलंस?"

"मी कागद पाहिलाच नाही."

मॅडमचा हात माझ्या पदरावर होता, तो सैल झाला. एवढ्या वर्षांचा एकच साक्षीदार, आणि त्यानं बघितलंच नव्हतं.

"पाहू कशी?" निमाबाई म्हणाल्या. "मी तिकडे राखेत बसली होती. रात्री परातीत कणीक मळलेली, ती वाळून बसली होती. शेतावर जाताना आजी घासायले सांगून गेली होती. परात माझ्या मांडीवर, राखेनं भरलेली. तू ओरडलीस, निमा, पेटलं! मी मान वर केली ती तुलेच पाहिलं. तू हसून राहिली होतीस. मले भेव वाटला, इतकी हसून राहिली होतीस. मग म्हणालीस, परात आण. मी राख सांडली, विसळली, पाणी ओतलं. हळद सांडली थोडी. घाई केली मी. थोडी उशिरा आणली असती तर..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "मी ओरडले तेव्हा परातीत काय होतं?"

"राख. सांगून तर राहिली."

"पाणी नव्हतं?"

"कुठून येईल पाणी?"

"आधी? सकाळी?"

"अवं ताई, सकाळपासून ती खरकटी पडली होती म्हणते ना! तिच्यात कोण तोंड पाहील?"

बाहेर ढोलाचा जोर चढला होता. मॅडम अगदी हळू म्हणाल्या, आम्हा दोघींना नाही, आपल्यालाच, "म्हणजे पोचलं होतं. खालपर्यंत."

निमाबाई दारातच रडायला लागल्या. "मले वाटे, तू परातीचं विचारून राहिली."

"परातीचं मी कधी विचारलं गं?"

"तू नाही. पण तू बोलली की मले बाबाच ऐकू येत."

मॅडम उठल्या, तिच्यापर्यंत गेल्या, आणि तिच्या पायातल्या चपला आपल्या हातानं काढल्या.

त्या दिवशी स्वयंपाक निमाबाईंनी केला. हळद माझ्या घरून नेली. मॅडमनी पिवळ्या वरणाचा एक घास घेतला, चावत राहिल्या, आणि ताट हळूच सरकवलं. "नाही जमत गं." सगळं काही धुऊन निघत नाही. निमाबाईंनी दुसरं लावलं, पांढरं.

थंडीपुरतं म्हणून निमाबाई त्यांना बालाघाटला घेऊन गेल्या. दुर्बीण मॅडमनी बरोबर नेली, चादर मला दिली. त्या परत आल्या नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर निमाबाईंचा फोन आला, सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेल्या म्हणून. चादर माझ्या पेटीत आहे, घडी घातलेली. मग दुपारी माझ्या डोळ्याच्या कडेला त्या अंगणात पांढरं काय हलतं, ते तुम्हीच सांगा. मी कोणाला विचारत नाही. कविता म्हणते, "आई, डोळे तपासून घ्या." मी म्हणते, हो, जाऊ.

मला मॅडम शेवटच्या दिसल्या त्या गाडीत. गावातल्याच पोराची जीप होती, सामान टपावर बांधलेलं. निमाबाई आधी चढल्या, मॅडम खिडकीशी. मी या बाजूला उभी, हातात करंज्यांचा डबा, आणि मॅडमचं तोंड पूर्ण पलीकडे, गिरणीच्या भिंतीकडे. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. उन्हात वाळत घातलेले धान, बस. जीप सुरू झाली. निमाबाईंना वाईट वाटलं माझ्यासाठी. त्यांनी मॅडमच्या दंडाला धरून हलवलं. "ताई, शेवंताबाई इकडे उभी आहे. जाताना तरी एकदा पाह्य तिच्याकडे."

मॅडमनी मान हलवली नाही. भिंतीकडेच बघत राहिल्या, डोळे मोठे करून, आणि ओठांत हसत होत्या.

मी म्हटलं, "राहू द्या निमाबाई. त्या मलेच पाहून राहिल्या."